पाकीट क्रमांक एकशे सतरा

अकरा पानांचं संमतीपत्र.
सातव्या पानावर माझा आवाज अडतो, दर वेळी.
पेनाचं टोपण उगाच काढते, लावते,
मग वाचते:
दोन्हींपैकी कोणता उपचार चांगला
हे आज कुणालाच माहीत नाही.

धुळं. मे महिना. रात्रीचे पावणेदोन.
आयसीयूबाहेरच्या जिन्यात
साक्री, शिरपूर, शिंदखेडा पथाऱ्या टाकून झोपलेले,
पायऱ्यांत अजून दुपारचं ऊन.
हिंमत भामरे तेवढा उभा.
भुवयांत पीठ, कानाच्या पाळीत पीठ,
चक्कीला कुलूप लावलं की नाही
हेही त्याला आठवत नव्हतं.

आत चार नंबरला त्याची आई.
लघवीतलं इन्फेक्शन रक्तात उतरलेलं,
वरचा दाब सत्तर, मधेच अडुसष्ट.
सलाइन मोकळं सोडायचं,
की हात आखडून दाबाचं औषध लवकर लावायचं?
मोठ्या सरांचा हात सढळ,
रात्रपाळीच्या मॅडमचा आखडता.
दोघांचेही पेशंट चालत घरी जातात.
दोघांचेही जात नाहीत.

"म्हंजे तुमले बी ठाऊक नही?"
"नाही."
तीस किलोमीटर रिक्षा करून
माणूस जिथं माहीत असणाऱ्यांकडे येतो
तिथं हा शब्द केवढा मोठा आवाज करतो.

तो मशीनच्या हिरव्या रेषेकडं बघत राहिला.
मग म्हणाला,
"नवा पाटा बसाडा का पयलं पीठ कचकच लागस.
ते आम्ही घर खातस. गिऱ्हाइकले देत नही."
आणि थोडं थांबून,
"तुमनी माय ऱ्हाती तं?"

मी म्हणाले, तरी हेच पाकीट फोडलं असतं.
हे वाक्य अकरा पानांत कुठंच नाही.
ते खरं होतं का, हे मी
अजूनही अधूनमधून तपासते.

त्यानं सही केली. सहीवर पिठाचं बोट उमटलं.
पाकीट फाडलं: आखडता हात.

अठ्ठाविसावा दिवस. जिवंत: होय.
बरोबरची खूण करताना
इतका जोर दिला की खालच्या पानावर उमटली.

नव्वदावा दिवस. फोन.
मागं चक्कीची घरघर, श्रावण लागलेला,
कानबाईच्या रोटांचं दळण आलेलं.
"माय गयी. अठरा दिन व्हयनात."
माझ्याकडं एक चौकोन आणि एक तारीख, बस.
तो मात्र सांगत राहिला:
दवाखान्यातून आल्यावर ती रोज पोत्यावर येऊन बसायची,
कळण्याचं पीठ चिमटीत धरून म्हणायची, जाड शे, पुन्हा टाक.
गिऱ्हाइकं वैतागायची.
या सगळ्याला फॉर्ममध्ये रकाना नव्हता.
मी समासात लिहिलं, "जाड शे", आणि खोडलं नाही.

फोन ठेवता ठेवता:
"तुमनं ते उत्तर सापडनं का?"
"अजून नाही. अजून चारशे माणसं लागतील."
"सापडनं म्हंजे सांगज्यात."

अडीच वर्षं गेली.
पाकिटं संपली, संगणकानं आकडे दळले,
आणि पडद्यावर एक ओळ आली:
दोन्ही गटांत लक्षणीय फरक आढळला नाही.
कुणीतरी म्हणालं, म्हणजे फुकट गेलं सगळं.
मला चार नंबरचा पलंग दिसला,
आणि ते गाव, जिथं सलाइनच्या बाटल्या
मोजूनच येतात,
आता तिथली नर्स हात आखडेल
तेव्हा तिला गुन्हा केल्यासारखं वाटायला नको.

पण हे फोनवर कसं सांगायचं?
एकशे सतराच्या पुढचा नंबर लावला.
वाजत राहिला. मग उचलला.
तीच घरघर.
"मी धुळ्याहून. दवाखान्यातून. उत्तर आलंय."
"थांबा," तो ओरडला, "चक्की बंद करस."

पट्टा सुटल्याचा आवाज आला.
पाटा लगेच थांबत नाही,
स्वतःच्या वजनानं फिरत राहतो थोडा वेळ.
मी थांबले.