फिल्ममध्ये काही नाही

फॉर्मवर रकाना आहे : दुखणं कधीपासून.
मी लिहितो, तीन वर्षं. मग खोडतो.

परळच्या या इस्पितळाच्या तळघरात
एकवीस वर्षं मी लोकांची हाडं बघतोय.
श्वास घ्या. धरून ठेवा. सोडा.
दिवसातून शंभरदा म्हणतो,
माझा मात्र धरलेलाच राहतो.
अंगावर शिशाचा ॲप्रन, सात किलो,
सगळा भार खांद्यांवर,
आणि हलक्या ॲप्रनची फाईल
टेंडरात अडकलेली.

परवा जेवणाच्या सुट्टीत टिपणीसला म्हटलं,
माझाच काढ रे एक.
मानेचे मणके प्रार्थनेला उभ्या पोरांसारखे सरळ.
कुठे झीज नाही, फट नाही.
क्लिअर आहेस, तो म्हणाला, ऐश कर.
आमच्या यंत्राला हाड दिसतं.
मांस म्हणजे नुसतं धुकं.

वरच्या मजल्यावर निलोफर मुकादम,
फिजिओथेरपी, टेबल नंबर दोन.
तिनं उजव्या खांद्यामागे अंगठा टेकवला
आणि गाठ सापडली, हरभऱ्याएवढी.
दाबली तशी कळ
कानामागून डोळ्यात.
"झोप?"
लागते. दोनला जाग येते.
"दोनलाच का?"

आता हे कुठल्या रकान्यात लिहू?
काळाचौकीच्या खोलीत आई चौदा महिने पडून होती.
दर दोन तासांनी कूस बदलायची,
नाहीतर पाठ सोलायची तिची.
दोनची आणि चारची पाळी माझी.
एक हात मानेखाली, एक कमरेखाली,
वाकून, अर्ध्या झोपेत, दात आवळून.
जड नव्हती ती.
दर महिन्याला हलकी होत गेली
आणि मी दर महिन्याला
जास्त जपून, जास्त वाकून उचलत गेलो.

तिला जाऊन श्रावणात दोन वर्षं झाली.
पलंग भाड्याचा होता, परत गेला.
खांद्याला कुणी कळवलं नाही.
दोन वाजता आधी तो तयार होतो,
मग मला जाग येते.

हे सगळं मी सांगितलं नाही.
म्हटलं, सवय.
निलोफरनं शेकाची पिशवी ठेवली,
वीस मिनिटांचा गजर लावला,
आणि पलीकडच्या टेबलावर वळून म्हणाली,
श्वास घ्या मावशी. धरा.

पालथ्या पालथ्या माझ्या अंगठ्यानं
हवेतच बटण दाबलं.