तार

उकळत्या गुळाची तार
अंगठा-तर्जनीत ओढून बघतो.
चाळीस वर्षं हेच बोट
जिभेवर पुसलं,
आता बादलीतल्या पाण्यात बुडवतो.

त्याच बोटाला सकाळी सुई.
मालवणच्या लॅबमधली पोरगी म्हणाली होती,
"काका, तीन महिन्यांची सरासरी. आठ पॉइंट नऊ."
शेवंतीने भाताचा टोप धाकटा घेतला.
नाचणीची भाकरी, कुळथाची पिठी,
बांगडा तव्यावर, तेल मोजून.
आठ दिवस मी ताटाशी भांडलो,
मग भूकच वेळेवर यायला लागली.

काल सहा पॉइंट सात.
कागद घडी करून तराजूखाली ठेवला;
जत्रा तोंडावर,
खाज्यावर गूळ चढवायचाय.

"गोडी बरी इली?"
शेवंती तुकडा चावते, डोळे मिटून.
"आलां कमी पडलां."