साडेअकरा आटे

महापालिकेनं मला एक टॅब दिला
आणि दस्तगीर मुजावर दिले, एकवीस दिवसांसाठी.
एकतीस मेला ते निवृत्त. तोवर
शहराच्या पोटातले सगळे व्हॉल्व्ह
नकाशावर यायला हवेत, असं पत्रात होतं.
पत्राला जावक क्रमांक होता.
व्हॉल्व्हना नव्हता.

पहाटे चारला हिराबागेच्या टाकीखाली
ते लुनावर बसलेले असायचे,
टी आकाराची चावी खांद्याला,
पाच फुटी, मुठीपाशी घामानं गुळगुळीत झालेली.
"चला मॅडम, खणभाग उठायच्या आत."

मी टॅबवर टिंब ठेवायची. निळं म्हणजे चालू,
लाल म्हणजे नादुरुस्त.
ते सांगायचे: हा साडेअकरा आट्यांचा.
हा नऊ, पण शेवटचा आटा कडू, जपून.
हा लाजरा. बळ लावलं की आणखी बसतो.
ह्याचं झाकण तीनदा चोरीला गेलं, चौथ्यांदा मी
फरशी टाकली. फरशी कोण नेतंय.
फॉर्ममध्ये रकाना एकच होता:
व्यास, मिलिमीटरमध्ये.

गावभागात एके ठिकाणी नुसतंच डांबर.
दिवाळीआधी रस्ता झाला
तेव्हा ठेकेदारानं चेंबर गाडून टाकलेलं.
त्यांनी चावी रस्त्यावर उभी केली,
वरच्या टोकाला कान लावला,
तापलेल्या लेकराच्या पाठीला लावावा तसा.
दोन पावलं सरकले. पुन्हा.
"हितं. ऐका."
मी वाकले. आधी माझंच रक्त,
मग खाली, लांबवर,
कुणीतरी झोपेत कूस बदलावी तसा आवाज.
कृष्णा.
तुरटी फिरवलेली, क्लोरीन घातलेली,
चारशे मिलिमीटर व्यासाची कृष्णा.

वेळापत्रकात आहे सहा ते सात.
पण पेठेतला व्हॉल्व्ह ते पावणेसातलाच
अर्धा आटा आवळून ठेवायचे,
म्हणजे गल्लीच्या टोकाला, शेवटच्या नळाला
करंगळीएवढी का होईना, धार जायची.
तिथं सुलोचना आवटी एकट्या राहतात. मोटार नाही.
दोन कळश्या आणि एक पातेलं.
"इतक्या वर्षांत पेठेतल्या कुणी तक्रार नाही केली?"
"त्यांच्या टाक्या साडेसहालाच भरतात.
गच्चीवरनं सांडतंय ते दिसतंय की मला."

पुढचा रकाना: बंद करण्याची वेळ.
सात लिहिलं तर आवटीबाई कोरड्या.
पावणेसात लिहिलं तर चौकशी.
बॅटरी संपली, असं मी सांगितलं.
ते खोटं होतं, आणि त्यांना कळलं होतं;
त्यांनी खिशातून पेरूची फोड काढून दिली.

एकतीसला शाल, नारळ, चहा.
साहेब आले नाहीत, त्यांचं भाषण आलं.
चारशे सहा टिंबांचा नकाशा भिंतीवर लावला,
त्याच्यासमोर सगळ्यांनी फोटो काढले.
दस्तगीरभाई नकाशाकडं बराच वेळ बघत राहिले,
मग एका कोपऱ्यावर बोट ठेवून म्हणाले,
"आमचं घर हितं येतंय होय?"

तीन जूनला तक्रार नोंदवहीत,
फोनवरून घेतलेली, माझ्याच अक्षरात:
मुजावर दस्तगीर बाबालाल.
पाणी नाही. दुसरा दिवस.

ठेक्यावरचा नवा माणूस अजून हजर व्हायचा होता.
मीच गेले, स्कूटीवर,
चावी दोन्ही बाजूंनी बाहेर आलेली,
रिक्षावाले शिव्या देत बाजूला होत होते.
ते दारात उभे होते, हात पाठीमागं बांधून.
एक. दोन. तीन.
सातव्याला अडलं.
माझे तळवे सोलले. त्यांनी हात सोडले नाहीत.
"आधी अर्धा आटा मागं घ्या," म्हणाले,
"मग पुढं. तो पहिल्यापासनं असाच."

आठ. नऊ.
भिंतीपलीकडं रिकाम्या नळानं
मोठा श्वास घेतला, खाकरला,
आणि त्यांच्या बायकोनं आतून ओरडून विचारलं,
"बादली लावू का घागर?"