दोनदा घासलेला डबा

हडर्सफील्डला आमची गल्ली इतकी चढाची
की दुधाची गाडीसुद्धा धापा टाकते.
काळवंडलेल्या दगडांची घरं, एकमेकांना खांदा लावून,
आणि मधली भिंत एवढी पातळ
की शेजारच्या कुकरच्या शिट्ट्या मोजता येतात.

मार्चात त्या घरात मराठी शिट्ट्या आल्या.
हसू नका. तीन शिट्ट्या, आणि मग
"अगं बाई, गॅस राहिला!"
ओल्या हातांनीच मी दारात धावले.
पस्तीस वर्षांनी भिंतीपलीकडे माझी भाषा.

करुणा नाव. नागपूरची. इस्पितळात एक्स-रे काढते.
मी विचारलं, आपण सगळेच विचारतो तसं,
चहात साखर किती, इतक्या सहज:
"आडनाव काय?"
"खोब्रागडे."
"हो का. छान."
त्या "छान"ला किती पायऱ्या होत्या
हे तिला तिथल्या तिथे कळलं.
मला दहा महिने लागले.

संध्याकाळी ती डबा घेऊन आली.
सांबारवड्या, गरम, खसखशीच्या वासाच्या.
"कशाला गं त्रास," म्हणत मी दार लावलं
आणि सकाळी त्या मागच्या फरशीवर
कबुतरांना घातल्या.
डबा घासला.
मग आणखी एकदा घासला.
रिकामा डबा परत करू नये, आई सांगायची,
आणि भरून द्यावा असं मला काही सुचेना,
म्हणून तो वरच्या फळीवर राहिला,
पालथा.

मी तीच, बरं का,
जी दर दिवाळीला मंडळात तीच गोष्ट सांगते:
अठ्ठ्याऐंशी साल, ब्रॅडफर्ड, आम्ही खोली शोधतोय,
काचेत पाटी "खोली भाड्याने",
आणि घरमालकीण त्या पाटीशेजारी उभी राहून म्हणते,
"गेली."
लोक चुकचुकतात. मी डोळे पुसते.
गोष्ट खरी आहे. पाणीही खरं.
फळीवरचा डबा त्या गोष्टीत कधी आला नाही.

जानेवारीत बर्फावरून घसरले. उजवं मनगट.
एक्स-रेच्या खोलीत तीच.
"मावशी, हात सैल सोडा."
तिने आधी आपले तळवे एकमेकांवर चोळले,
मला गार लागू नयेत म्हणून,
आणि मग माझा हात उचलला,
तडा गेलेली बशी उचलावी तसा.
पडद्यावर माझी हाडं उमटली.
इथे एखादी मोठी ओळ सुचायला हवी होती,
हाडांना आडनाव नसतं वगैरे.
नाही सुचली.
ते तळवे चोळणं तेवढं दिसत राहिलं,
आणि नळाखाली दुसऱ्यांदा धरलेला डबा.

डाव्या हाताने शिरा केला. गुठळ्या झाल्या.
चार वाक्यं पाठ करून तिच्या दारात गेले.
तोंडातून एकच निघालं:
"तुझ्या वड्या मी खाल्ल्या नव्हत्या."

"माहीत आहे," ती म्हणाली.
"माझ्या ओट्यासमोरची खिडकी
तुमच्या फरशीकडेच आहे."

डबा घेतला. आत या म्हणाली नाही.
दार हळू लावलं, एवढंच.
माझ्या दारापर्यंत सात पावलं आहेत.
त्या दिवशी मोजली.

शुक्रवारी डबा माझ्या उंबऱ्यावर होता.
जड. झाकण घट्ट.
एका हाताने उघडेना, गुडघ्यांत धरून उघडला.
मग मागचा दिवा लावला,
चपला घातल्या, फरशीवर आले,
आणि त्या थंडीत, उजेडाच्या बरोबर मधोमध
उभी राहून एक वडी खाल्ली.
तिखट. नाक वाहायला लागलं.
तिच्या खिडकीत कोणी होतं का, वर पाहिलं नाही.
दुसरी घेतली.

कबुतरं आली, पायांशी घुटमळली.
त्यांना कण दिला नाही.