नाही म्हणायचं नसतं

एमराल्ड नावाच्या गावाबाहेर
मी संत्री तोडतो.
देठ आखूड ठेवायचा, सालीला नख लागू द्यायचं नाही,
लागलं की अख्खी पेटी वाया.
दर दोन-तीन तासांनी कुंपणापलीकडून मालगाडी जाते,
कोळशाची.
पहिल्या आठवड्यात डबे मोजायचो,
शंभराच्या आसपास चुकायचो, पुन्हा एकपासून.
आता मोजत नाही.
शिडी थरथरली की कळतं.

ब्वेनाचा फोन रविवारी, चर्च सुटल्यावर.
म्हणाली, "खड्ड्यात पाणी आलं."
खड्ड्यात पाणी असतंच आमच्या.
बाबाईचा खड्डा खणायचाच मुळी पाणी लागेपर्यंत,
वाळूखालचं गोड पाणी,
त्यात एकेक कंद चार-चार वर्षं पोसायचा,
लग्नासाठी, मयतासाठी, दुसऱ्या बेटावरच्या पाहुण्यांसाठी.
"तसं नाही रे," ती म्हणाली.
"बोट बुडवून चाखलं मी."

मग दोघंही गप्प.
तिकडे कोंबडी ओरडत होती,
इकडे मिनिटाचे पैसे जात होते.

त्या खड्ड्याला कुठला पाला घालायचा,
किती सुकवून, चंद्र कुठे असताना,
हे बापाने मला कानात सांगितलं होतं.
फक्त मला. ब्वेनालासुद्धा नाही,
शेजाऱ्याला तर नाहीच नाही.
त्या रविवारी सगळं सांगून टाकलं तिला,
मोठ्याने, खोलीतल्या पोरांसमोर.

लॉरेलबाई चांगल्या आहेत.
थंडी पडली तेव्हा नवऱ्याचा कोट दिला,
खिशात त्याची पेपरमिंटची गोळी होती अजून.
एकदा विचारलं, "तुमचा देश नेमका कुठे?"
फोनवरचा नकाशा बोटांनी ताणला, आणखी ताणला,
निळ्यातून निळंच निघत राहिलं.
ओनोतोआ सापडेपर्यंत चहा निवला.
"म्हणजे शेजारीच की आपण!"
मी म्हणालो, हो.

आमच्याकडे एक शब्द आहे, बुबुसी.
लिहिताना त, बोलताना स.
नात्यातलं, शेजारपाजारचं कुणी दारात येऊन म्हणालं
तुझी होडी दे, जाळं दे, अंगातला हा सदरा दे,
तर नाही म्हणायचं नसतं.
नाही म्हणणाऱ्याचं तोंड
गाव वर्षानुवर्षं लक्षात ठेवतं.
मागणाराही जपून मागतो,
उद्या पाळी देणाऱ्याची.

बाईंना हे फार आवडलं.
"मग तू माग ना माझ्याकडे काहीतरी!"

शिडी थरथरली.
गाडी जाईपर्यंत बोलून उपयोग नसतो.

बाई,
तुम्ही तर केव्हाच मागून मोकळ्या झालात.
दारात कुणी आलं नाही, चटईवर टेकलं नाही,
पण विहीर मागितलीत, दिली.
नीरफणसाची सहा झाडं मागितलीत, दिली.
आजोबांच्या उशाकडची वाळू मागितलीत,
तीही दिली,
तिच्याबरोबर थोडे आजोबाही गेले.
नाही म्हणायला आम्हाला कुणी विचारलंच नव्हतं,
तरी हिशेब तोच राहतो ना?
मग सांगा, आता पाळी कुणाची?

यातलं काहीच मी बोललो नाही.
एक तर इंग्रजी तेवढं पुरलं नसतं,
आणि अंगात कोट त्यांच्याच घरचा होता.
म्हणालो, "विचार करून सांगतो."
त्या हसल्या, पेट्यांवर शिक्के मारायला गेल्या.
मी बुटाच्या टोकाने माती उकरून पाहिली.
काळी, खोल.
इतके डबे भरभरून जातात
तरी जमीन आपली जागच्या जागी.

काल ब्वेनाने फोटो पाठवला.
सडायच्या आत कंदांचे शेंडे कापून घेतलेत,
ओल्या पोत्यात बांधून टाकीच्या सावलीत ठेवलेत.
रोज एक पेला शिंपडते वर,
पिण्याच्या पाण्यातला.
म्हणते, असे फार तर महिनाभर टिकतील.
कुठे लावायचे,
ते विचारून ठेव.