शेऱ्याचा रकाना

रस्ता रुंद झाला तेव्हा मी मोजलं होतं,
आधी पावलांनी, मग टेपनं:
इकडच्या मोहापासून तिकडच्या येनापर्यंत
सत्तर मीटर.
वहीत लिहिलं. वनरक्षकाच्या वहीत सगळंच येतं,
झाडाचा नंबर, घेर, ढोलीची उंची,
ढोलीचं तोंड कुठल्या दिशेला.
शेवटचा रकाना शेरा. तो बहुधा रिकामा.

उडती खार उडत नाही
हे मला जैतुराबाई उसेंडीनं सांगितलं,
जिच्या मोहात ती राहते.
"उडाले पंख लागतेत, पोरी.
हे त आंगाचीच चादर पसरते
अना हवेवर बसून खाली येते."

खाली येते. म्हणजे आधी उंची हवी.
सत्तर मीटरला किती उंची,
हे गणित एका पिल्लाचं चुकलं.
डांबरावरून मीच उचललं त्याला.
शेपूट अंगापेक्षा लांब, अजून ऊबदार.

मग खांब.
वीज मंडळाचा जुना, लाकडी,
बिसन कुमरेनं तीन अर्ज करून मिळवलेला.
पोरांनी खड्डा खणला, काथ्या गुंडाळला,
वर आडवी फळी ठोकली.

पहिल्या महिन्यात त्यावर
कुणाच्या तरी वाढदिवसाचा फ्लेक्स लागला.
दुसऱ्या महिन्यात पिंगळा बसला.
साहेब गाडीतून न उतरताच म्हणाले,
"मॅडम, खारीला कळवलंय का?"
सगळे हसले. मीही.

रात्री टॉर्चला लाल कागद लावून बसायचो.
ती ढोलीच्या काठावर यायची,
मान खाली-वर, खाली-वर,
अंतर तोलत,
बाजारात बाई काट्याकडे बघते तशी,
दुकानदाराकडे नाही.
आणि परत आत.

मोह फुलला.
औंदा जैतुराबाईनं बुडाशी पाला पेटवला नाही,
खराट्यानं झाडून घेतला, कंबर धरत, दोन दिवस.
विचारलं तर म्हणाली, "धूर वर जाते.
वर लेकरू हाये."

काल खांबाशी गेले.
माझ्या डोक्याच्या बऱ्याच वर
काथ्या उसवलेला,
लाकडात बारीक ओरखडे, वर चढत गेलेले.
घोरपडीचेही असतील.
शेऱ्यात लिहिलं:
ओरखडे, ताजे. कुणाचे ते नक्की नाही

पूर्णविराम द्यायचा राहिला.
तसाच राहू दिला.