एकशे सत्त्याहत्तर

तिसऱ्या वळणावर डेलियो उतरतो.
न सांगता. गेली अकरा वर्षं.
मी पहिल्या गिअरमध्ये, गाडी कण्हत,
तो मागून, मधाची पेटी खांद्यावर घेऊन,
आणि वर चॅपेलच्या कठड्यापाशी आम्ही पुन्हा भेटतो
धापा टाकत, दोघं.
तिघं खरं तर, स्कूटर धरून.

म्हणून यंदा लिंडनचा मध विकून आलेले पैसे
पाकिटात घालून त्राव्हेर्सोच्या गॅरेजात आले.
त्यानं वर्तमानपत्रावर तीन सिलिंडर मांडले,
बंदरावर मासळी मांडतात तसे,
डोळे माझ्याकडे करून.

पहिला दीडशेचा, कुणाच्या तरी मोडीत काढलेल्या गाडीचा.
‘हा म्हणजे चहात अर्धा चमचा साखर जास्त,’ म्हणाला.
दुसरा एकशे सत्त्याहत्तर, अ‍ॅल्युमिनियमचा,
हातात घेतला तर पाखरू.
आतून असा गुळगुळीत की बोट फिरवायची लाज वाटावी.
चटकन निवतो, चटकन पळतो.
त्याच्या पुतण्यानं हाच बसवलाय;
पुतण्या एकवीस वर्षांचा आहे आणि त्याला कुठेच जायचं नाहीये,
फक्त लवकर जायचंय.
तिसराही एकशे सत्त्याहत्तरच, पण बिडाचा.
काळा, जड, आजारी माणसाच्या उशाशी बसून राहील असा.

मी अर्थातच चमकणाऱ्याकडे पाहत होते.

‘अंगापेक्षा बोंगा नको, नीवेस,’ त्राव्हेर्सो म्हणाला.
‘क्रँक तुझ्या आईच्या वेळची. क्लचही.
ओझं किती असतं ते सांग आधी.’
मी म्हटलं, माझे अठ्ठावन्न,
मध चोवीस बाटल्या,
आणि हा.
डेलियो दारात उभा होता, टोपी हातात.
‘नव्वद,’ म्हणाला.

त्राव्हेर्सो काही बोलला नाही.
मागे गेला, आणि ज्यावर चेस्टनटची पोती तोलतात
तो काटा ढकलत घेऊन आला.

माझा भाऊ त्या लोखंडी पाटावर चढला
बूट काढून.
मग कोट काढून.
मग खिशातल्या किल्ल्या, सुरी, मधमाश्यांचा धूर करायचं लायटर
एकेक करून माझ्या हातात दिलं.
काटा एकशे चौदावर थांबला
आणि तिथंच थरथरत राहिला,
जसा तोही थरथरत होता, श्वास रोखून,
पोट आत ओढून, जणू त्यानं वजन कमी होतं.

अकरा वर्षं मला वाटलं, गाडी म्हातारी झाली.
त्याला माहीत होतं.

त्राव्हेर्सोनं आकडा भिंतीवर खडूनं लिहिला,
अठ्ठावन्न, बाटल्या, पेटी मिळवली,
आणि नखानं बिडाच्या सिलिंडरवर टकटक केली.
‘हा. खालून जोर देतो, घाई करत नाही.
आणि ओरखडा पडलाच कधी, तर पुन्हा बोअर करता येतो.
त्या देखण्याला तशी सोय नाही.’
मग जेट एक नंबर मोठं, नवीन गॅस्केट,
दोन टक्के ऑइल, चांगलं, वाण्याकडचं नाही.

शनिवारी बसवून दिला.
पहिली किक वाया, दुसरी वाया,
तिसरीला असा आवाज
की समोरच्या बेकरीतली बाई पिठाच्या हातांनी बाहेर आली.

‘पाचशे किलोमीटर,’ त्राव्हेर्सोनं माझं मनगट धरलं.
‘तोवर इथून पुढे पिळायचं नाही.
रिंगांना भिंतीची ओळख पटू दे.
चढावर दमतेय वाटलं, तर ओझं उतरव.’

तर तिसऱ्या वळणावर डेलियो उतरतो.
पाचशे किलोमीटर म्हणजे बाजाराच्या बावीस फेऱ्या.
आज सातवी.
पेटी मात्र आता गाडीवरच असते, तेवढं मी कबूल करून घेतलंय.
तो मोकळ्या हातांनी चालतो,
कधी माझ्या पुढे निघून जातो,
वळून ओरडतो, ‘अजून पिळू नकोस!’
आणि मी पिळत नाही.
मनगटाखाली ते बीड गरम होत असतं,
बरंच काही शिल्लक ठेवून.